हिसोराचं गोत्र

“बाहुलीसमोर मंगलाष्टकं म्हणणारा गुरुजी अख्ख्या ठाण्यात मिळायचा नाही,” सखाराम म्हणाला.

“मिळालाय. बाहेर हॉलमध्ये बसलाय,” संचिता म्हणाली. “तुम्ही फक्त हो म्हणा, बाबा.”

संचिता त्याची थोरली मुलगी, डोंबिवलीला दिलेली. नाथाकाकाचा फोन येताच ती वर्तकनगरला आली होती आणि आल्यापासून धाकट्या भावाची, विनीतची, बाजू घेऊन बापाशी भांडत होती. तिच्या हातात हिसोरा होती. वीतभर उंचीची, निळ्या केसांची, प्लास्टिकची. कुठल्याशा जपानी कार्टून मालिकेतली पोरगी. मालिका केव्हाच संपली होती, विनीतचं प्रेम संपलं नव्हतं.

सहा वर्षं हे चाललं होतं. रात्री जेवताना तो तिला ताटासमोर ठेवायचा. तिच्या वाढदिवसाला केक आणायचा आणि तो केक सखारामही खायचा. पोरखेळ आहे, वय वाढलं की उतरेल, असं त्याला वाटत राहिलं. विनीत एकोणतिशीला आला तरी उतरलं नाही.

गेल्या रविवारी ते कल्याणला मुलगी बघायला गेले. पोह्यांची बशी हातात असतानाच विनीत मुलीच्या वडिलांना म्हणाला, “काका, माझं ठरलेलं आहे. तुमच्या मुलीला फसवायचं नाहीये मला.” वर मोबाइल काढून हिसोराचा फोटोही दाखवला. ती माणसं आधी हसली, मग हसायची थांबली. सखारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्याने बजावलं, “मी जिवंत असेपर्यंत हे लग्न होणार नाही.”

सोमवारी विनीत ऑफिसला गेल्यावर त्याने हिसोराला उचलून भंगारवाल्याच्या पोत्यात टाकलं. संध्याकाळी विनीतने रिकामा कप्पा पाहिला, बापाकडे पाहिलं आणि बाइकची चावी घेऊन निघून गेला.

आज, बुधवारी सकाळी, सखारामचा भाऊ नाथा विनीतला घरी घेऊन आला. हिसोरा त्याच्या जॅकेटच्या आत होती, रुमालात गुंडाळलेली. तिला साधा ओरखडाही नव्हता.

“जिन्यात अर्धी कॉलनी उभी आहे,” सखाराम म्हणाला. “लोक काय म्हणतील?”

“म्हणू दे.”

“आणि रीत? रीतीला जे लागतं ते नाथा मगाशीच येऊरहून घेऊन आलाय.”

“रीत तुमची आहे, बाबा. लग्न त्याचं आहे.” संचिताचा आवाज खाली आला. “सोमवारी मला फोन केलेला त्याने. घोडबंदर रोडवरून. ताई, सापडली, म्हणाला. भंगाराच्या दहा वखारी पालथ्या घातल्या म्हणे. लहानपणी तुम्ही सायकल आणलेली ना, तेव्हा हसलेला, तसा हसत होता.”

सखारामला ती सायकल आठवली. लाल होती.

“करा काय करायचं ते,” तो म्हणाला.

मग भराभर हालचाल झाली. नाथाने घड्याळ दाखवलं. “एकची वेळ मिळालीये. ती चुकली तर चार वाजतील.” सोफा गॅलरीत गेला. चहा समोरच्या प्रियांकाकडून येत होता. पुरुषांनी विनीतला न्हाऊ घातलं. त्याच्या आईने हळद कालवली आणि कुणालाही हात लावू न देता स्वतःच लावली, कपाळाला, गालांना, तळहातांना. सोमवारपासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

संचिताच्या लग्नातली शेरवानी विनीतला दंडात घट्ट होत होती. नाथाने ती पाठीवर मधोमध उसवली. “मागचं कोण बघतंय,” तो म्हणाला.

आईने हिसोराच्या कपाळाला कुंकू लावलं. प्लास्टिकवर ते ठरेना, तेव्हा पाण्यात कालवून लावलं. गळ्यात काळ्या मण्यांचा एक सर घातला. दोघांना मुंडावळ्या बांधल्या. हिसोराची मुंडावळी डोळ्यांवर येत होती.

“मुलीचं गोत्र?” गुरुजींनी खालच्या आवाजात विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं.

“काश्यप म्हणतो मग,” गुरुजी म्हणाले. “माहीत नसलं की तेच म्हणतात.”

सखाराम विनीतजवळ गेला. त्याला बोलायचं होतं. दोन दिवस तो मनात एकच वाक्य जुळवत होता, आणि आता एवढ्या माणसांत ते कसं बोलायचं ते त्याला कळत नव्हतं.

“विन्या,” तो शेवटी म्हणाला, “तुझ्या मनासारखं केलं रे. आता राग सोड.”

विनीतने उत्तर दिलं नाही. हट्टात तो बापावरच गेला होता.

माणसं चपला काढून आत आली. प्रत्येकाने मूठभर अक्षता घेतल्या. गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली, घाईघाईने, पण एकही कडवं गाळलं नाही. अक्षता पडल्या, निळ्या केसांवर आणि शेरवानीवर. कुणीही हसलं नाही. लोक हसतील, हीच तर सखारामला भीती होती.

बिनलग्नाच्या मयताचं रीतीने जिच्याशी लग्न लावतात, ती येऊरहून आणलेली रुईची फांदी नाथाने जिन्याच्या कोपऱ्यात ठेवून दिली. गुरुजींनी विस्तव घातलेलं मडकं सखारामच्या हातात दिलं, त्याला पुढे चालायला सांगितलं, आणि चौघांनी नवरदेवाला खांद्यावर घेतलं.