मागचं दार

हिंगोलीच्या नाट्यगृहात दारावर पास तपासायची नोकरी लागून दिपाला तिसराच दिवस होता. बंजारा नाचाचा कार्यक्रम होता आणि साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "वेशातले कलाकार पुढून सोडायचे न्हाईत." आरशांची फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, घालून नाचायला आलेल्या कॉलेजच्या पोरी तिनं एकेक करून मागच्या दाराला धाडल्या.

मग तांड्यावरची एक बाई आली. तिच्याही अंगात फेटिया-कांचळीच होती, पण रोजची, धुऊन धुऊन विटलेली. हातात काल दिपानंच दिलेला प्रेक्षकांचा पास होता.

"तिला इथं काहून थांबवून राहिली? मागून पाठव," साहेब आतून म्हणाले.

दिपानं पास घेतला, पाहिला, परत दिला. "मावशी, मागच्या दारानं जा."

 

"व्हय मॅडम," दिपाची आई म्हणाली.