तिसऱ्याच भागात लग्न

संघमित्राला पाहायला छत्तीसगडमधल्या नवा रायपूरहून यशदीप आला होता. दोघांना बोलायला आतल्या खोलीत बसवलं होतं. बाहेर वडीलधारी मंडळी साखरपुड्याचं ठरवू लागली होती, आणि आत सगळं ऐकू येत होतं.

“तुमाले काय आवडते?” यशदीपनं विचारलं.

“जपानी ॲनिमे,” ती एका दमात बोलू लागली. “आत्ताच एक मालिका पाहिली. दोन अनोळखी लोकांना एकमेकांचे स्वप्न दिसतात. आयडिया इतकी मस्त होती! पण तिसऱ्याच भागात त्यांचं लग्न लावून टाकलं. धड ओळखही झाली नव्हती. मग पुढं त्यांचं काही झालं तरी मले काहीच वाटलं नाही.”

तेवढ्यात तिचे बाबा दारात आले. “झालं काय बोलणं? रविवारी साखरपुडा करून टाकू म्हणतो.”

संघमित्रानं मान खाली घातली. यशदीप उठून उभा राहिला.

“रविवारी साखरपुडा नको, काका.”

आपण उगाच नको ते बोललो, असं वाटून संघमित्राला रडू यायला लागलं.

“रविवारी मी नुसता भेटायले येतो,” यशदीप म्हणाला. “आमचं बोलणं तर आत्ता कुठं सुरू झालं.”