मास्तरांची खोली

"सरकारनं घरं बांधायची सोडली आणि हे लोक बांधायला लागले, तिथंच सगळं बिघडलं," रंगनाथ मास्तर म्हणाले. हे लोक म्हणजे बिल्डर. आणि म्हणाले कुठं, तर पुण्याबाहेर मांजरीत, बिल्डरच्याच अर्धवट इमारतीत, पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर, डोक्यावर त्याचंच पिवळं हेल्मेट घालून.

"बाबा, सरकारच्या भरवशावर बसलो असतो तर अजून वेटिंग लिस्टवर असतो," तेजस म्हणाला.

"आहेच मी. एक्क्याऐंशी साली अर्ज भरलाय."

बिल्डरच्या ऑफिसातली श्रद्धा हसू दाबत हातातल्या नकाशाकडे बघत राहिली. तिला आज एवढंच हवं होतं, एक बेडरूमचा फ्लॅट की दोनचा. आई-वडील राहायला येणार असतील तर दोनचा, नाहीतर एकाचा. तेजसला दोनचा हवा होता, त्याच्या बायकोला, नम्रतालाही. अडून बसले होते ते मास्तर.

"आज घरांचे भाव, उद्या डाळीचे, परवा शाळेच्या फीचे. सोडा सगळं बाजारावर!"

"आणि सरकारनं खर्च करायचा तो कुणाच्या पैशानं? माझ्या पगारातून आधी टॅक्स कापतात, मग उरलेला मला दाखवतात."

"तुझं इंजिनिअरिंग कुणाच्या पैशानं झालं? सरकारी कॉलेज होतं ते. आयटीवाले झालात, की विसरलात!"

"आणि तुमचं शनिवार पेठेतलं भाडं? बेचाळीस रुपये! कायद्यानं ते वाढू दिलं नाही, म्हणून मालक जिना दुरुस्त करत नाही."

मास्तरांचा हात गुडघ्याकडे गेला. गेल्या वर्षी त्याच जिन्यावरून ते पडले होते. बोलून गेल्यावर तेजसलाही वाईट वाटलं, पण शब्द माघारी कसा घ्यायचा हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

खरं तर सरकार, बाजार हे सगळं तोंडी लावण्यापुरतं. एका जास्तीच्या खोलीपायी पोरानं वीस वर्षं हप्ते फेडायचे, आणि तेही आपल्यासाठी, हे मास्तरांना सोसत नव्हतं. एवढं साधं वाक्य मुलासमोर बोलता येईना, म्हणून ते देशाच्या अर्थव्यवस्थेवर बोलत होते.

मास्तरांच्या बायकोला, द्वारकाबाईंना, दोन्ही बाजू पाठ होत्या. त्या श्रद्धाला घेऊन पुढं गेल्या. भिंती अजून उठल्या नव्हत्या. प्रत्येक खोलीभोवती विटांचा फक्त पहिला थर होता, आणि दारापुरती जागा सोडलेली.

"हा हॉल, काकू. हे किचन. ही छोटी बेडरूम. आणि ही मास्टर बेडरूम."

द्वारकाबाई थबकल्या. "मास्तरांची?"

"हो, मास्टर बेडरूम. हिला आतूनच संडास-बाथरूम आहे."

गेली तीस वर्षं सगळी पेठ त्यांच्या नवऱ्याला मास्तरच म्हणत आली होती. द्वारकाबाई मुलाकडे वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "म्हणजे ऑफिसात आधीच सांगून ठेवलंत होय रे, ही ह्यांची म्हणून? आणि मेलं आम्हाला एका शब्दानं बोलला नाहीत!"

श्रद्धानं समजावून सांगायला तोंड उघडलं. तेजसनं नम्रताकडे बघितलं. सगळ्यांत मोठी खोली होती ती, आणि तिच्या खिडकीशी कपाट कुठं ठेवायचं, पडदे कुठले लावायचे, हे नम्रतानं पहिल्याच भेटीत ठरवून टाकलं होतं.

"हो, आई," नम्रता म्हणाली. "बाबांचीच आहे ती. तुमची दोघांची."

मास्तरांनी महापालिकेच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. मास्टर बेडरूम म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सुनेनं आत्ता काय दिलं, हेही कळलं. त्यांनी हेल्मेट काढलं, रुमालानं कपाळ पुसलं, जरा डोळ्यांवरूनही फिरवला, आणि हेल्मेट परत घातलं.

"खिडकी पूर्वेला आहे का हो?" त्यांनी श्रद्धाला विचारलं.

"पूर्वेलाच, काका."

तिकडं द्वारकाबाईंनी दारापुरत्या सोडलेल्या जागेबाहेर चपला काढल्या आणि अनवाणी आत गेल्या. सिमेंटच्या धुळीत पावलं उमटली. मध्यभागी उभ्या राहून त्या चारी बाजूंना बघू लागल्या.

मास्तर बाहेरच उभे होते. मग त्यांनीही चपला काढल्या, आणि समोरचा विटांचा थर ओलांडायला पाय उचलला.

"अहो, भिंतीतून काय येताय?" द्वारकाबाई म्हणाल्या. "दार इकडून आहे."