पिंकीची लाटी

भाविका पेणला मावशीच्या ओटीवर पाऊल ठेवते तोच तिला पिंकी दिसली. मावशीची सून, पाचवा महिना लागलेली, खांबाला टेकून उडदाच्या पापडाची कच्ची लाटी तेलात बुडवून खात होती. बाकीच्या बायका पोळपाट घेऊन पापड लाटत होत्या.

पिंकीला डोहाळेच लाटीचे. याआधी दोनदा तिचं पोट पडलेलं, म्हणून गिरजाबाई मावशी सुनेला तळहाताच्या फोडासारखी जपत होती. तिच्या वाट्याच्या लाट्या ती वेगळ्या डब्यात काढून ठेवी.

"बस गो भाविका," गिरजाबाई हसत म्हणाली. "मुंबईला नेलेल्या लाट्या तुझ्या लॅबमधल्या साहेबांना आवडल्या का?"

"खायला नव्हत्या नेल्या, मावशी. तपासायला नेल्या होत्या."

भाविकाला भीती वाटत होती. वाटेत जुळवलेली वाक्यं मावशीला बघून पार विसरली. तिने पर्समधून लहानशी बाटली काढली. आत पाणी आणि काळी भुकटी. बाटली हलवून तिने बाहेरून लोहचुंबक लावला. सगळी भुकटी सरसरत त्या बाजूला जाऊन चिकटली, पाणी नितळ झालं. बायकांची लाटणी थांबली.

"ही भुकटी खाण्यात उतरलेलं प्लास्टिकचं रसायन धरून ठेवते. चुंबकाने ती बाजूला ओढायची, धुवायची आणि काय सापडलं ते मशीनवर बघायचं."

"मंग घाण निघाली ना? झालं तर!"

"ती बाटलीतली निघते, मावशी. पोटातली नाय निघत."

पिंकीने दुसरी लाटी उचलली होती.

"ओल्या फडक्याखालची लाटी चांगली निघाली," भाविका खाली बघत म्हणाली. "पिंकीच्या डब्यातली नाय."

"एकाच गोळ्यातली हाय ती!"

"तिची कशात ठेवतेस?"

गिरजाबाई तरातरा आत गेली आणि डबा घेऊन आली. आत पारदर्शक, जाडसर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या लाट्या तेलाने निथळत होत्या.

"माझा शिवा आणतो रोह्याच्या त्याच्या कंपनीतून. हात लावून बघ, लोण्यासारखं मऊ हाय. ह्यात लाटी सुकत नाय. दुसऱ्या कुणाला नाय देत मी, पिंकीपुरतंच ठेवलंय."

भाविकाने हात लावला नाही.

"ते मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ना मावशी, तेच तेलात उतरतं."

गिरजाबाई डबा हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"मागल्या दोन खेपांना पण ह्याच्यातच ठेवल्या होत्या मी."

"त्यानंच झालं असं मला नाय सांगता येणार."

"नाय झालं, असं सांगता येईल?"

बाटलीवरचा चुंबक काढायचंही भाविकाला सुचलं नाही.

पिंकीचं तोंड चालायचं थांबलं होतं. लाटी तशीच गालात धरून, गिळायची की थुंकायची हे कळेना म्हणून ती सासूच्या तोंडाकडे बघत होती.