कशानंच भाग न जाणारी संख्या

१९३० चा मे महिना. सोलापुरात लष्करी कायदा लागू होता. झडतीत फौजदारांना वेणीमाधव मास्तरांच्या घरी आकड्यांनी भरलेल्या नऊ वह्या सापडल्या. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एकच संख्या होती : ४६९१७४८४५९१.

"ही कसली खूण? कुणाला निरोप धाडता?" फौजदारांनी दरडावलं.

मास्तरांनी हात जोडले. "निरोप नाही, साहेब. या संख्येला कशानंच भाग जात नाही, हे दाखवायला सहा वर्षं भागाकार करतोय. आता थोडेच उरलेत."

"कशासाठी?"

मास्तरांनी पहिली वही उघडून पुढे केली. कालच शेजारच्या गल्लीतून दोघांना धरून नेलं होतं. दाराआड मास्तरांच्या पत्नी गोदावरीबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

फौजदार खुर्चीवर बसले आणि पेन्सिल काढून पहिल्या वहीतले भागाकार स्वतः करून पाहू लागले. अर्धा तास त्यांची पेन्सिल चालत राहिली.

"खरंच गणित आहे की हे," शेवटी ते उठले. "घाबरू नका."

गोदावरीबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

दारातून फौजदार मागे वळले.



"फक्त सत्तेचाळीसनं भागताना तुमचा हातचा सुटलाय, मास्तर. भाग पूर्ण जातोय."