मधलं प्लास्टिक

वटार गावच्या घरी विमलाआजी नवऱ्याच्या बाराव्यासाठी केळीची पानं पुसत होत्या. शेजारी नात उन्नती कॉलेजचा धडा घोकत होती, "भारलेल्या दोन प्लेटींमध्ये प्लास्टिक सरकवलं, की त्यांच्यामधलं विद्युतक्षेत्र कमी होतं."

"एवढं शिकायला क्लास लागतो होय गं? तुझा आजोबा नि बाप बोलत नव्हते एकमेकांशी. दोघांचे निरोप मीच पोचवले, धार बोथट करून. ह्या घरात कधी ठिणगी उडू दिली नाही."

"मग आजोबा जाताना पप्पा का नाही आले?"

आजी तेच पान पुन्हा पुसत राहिल्या.



"पोराला आत्ताच्या आत्ता बोलाव," असं म्हातारा म्हणाला होता, आणि आजींनी सवयीनं चंदनसारला राहणाऱ्या मुलाला फोन करून सांगितलं होतं, "सवड झाली की ये."