माळ्यावरचं सूत

यांच्या बदलीमुळे देवबागला बिऱ्हाड मांडलं. मला विणकामाचा नाद, पण किनाऱ्यावरच्या या उकाड्यात कसली लोकर! सुती, बिनबाह्यांचे टॉप विणून भाचरांना पाठवू लागले. इथं विणून द्यावं असं कुणीच नव्हतं. सूत संपल्यावर शेजारच्या सहदेवआजोबांकडे, एका जुन्या मच्छीमाराकडे, मागितलं. "नायलॉन इल्यापासून माळ्यार पडान आसा, ने गो," म्हणत त्यांनी जाळ्यांच्या सुताच्या लडी दिल्या. राठ सूत तीनदा उकळून मऊ केलं आणि त्यांच्याच नातीला टॉप विणला. तो घालून पोर अंगणात नाचली. आजोबांनी तिला थांबवलं, टाक्यांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. माझं काय चुकलं? शेवटी म्हणाले, "माझ्या बायलेन वळलेला सूत ह्या. ती गेल्याक बारा वर्सां झाली." त्यांनी उरलेल्या लडी आणून माझ्यापुढे ठेवल्या. जन्मभर उघड्या अंगाने दर्यावर गेलेल्या त्या माणसाने दोन्ही हात पसरले. "आता माझा माप घे, चेडवा."